कळलं, पण आलं का? सोशल मीडियावरून शाळेचा अभ्यास

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. फळ्यावर एखादी आकृती समजावून झाली की विचारते, "कळलं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "हो मॅडम." मग एकाला उठवते, "ये, आता तू काढून दाखव." तो खडू घेऊन फळ्यापाशी येतो आणि पहिली रेघ कुठून ओढायची इथेच अडतो. तो खोटं बोललेला नसतो. त्याला कळलेलं असतं, पण आलेलं नसतं.

मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, ही फार मोलाची सोय आहे. पोहणं काठावर बसून कळतं, पण येतं ते पाण्यात उतरल्यावरच. फोनवरून अभ्यास होतो की नाही, यावर घरोघरी जी वादावादी चालते ती मिटवायची असेल तर हे दोन शब्द हाताशी ठेवावेत. सोशल मीडिया कळवण्यात फार ताकदवान आहे. येण्यासाठी जे लागतं ते त्यात आपोआप नसतं. ते शिक्षकाला बाहेरून घालावं लागतं आणि घालता येतं. कसं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी 'औपचारिक शिक्षण' म्हणजे काय ते साध्या शब्दांत पाहू. काय शिकायचं ते ठरलेलं असतं, कशानंतर काय ते ठरलेलं असतं, केलेलं काम कुणीतरी तपासतं आणि शेवटी 'याला हे येतं' असं कुणीतरी सही करून लिहून देतं. यूट्यूबवर बघून पुरणपोळी करणं हेही शिकणंच आहे. मात्र तिथे पोळी फाटली तर का फाटली हे सांगायला कुणी बांधील नसतं.

हा फरक एका जुन्या प्रयोगात छान दिसतो. 2008 मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाने जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या शिक्षणाच्या अभ्यासकांचा एक अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला. फी भरून, विद्यापीठाच्या श्रेयांकासाठी (क्रेडिटसाठी) बसलेले विद्यार्थी होते 25. जगभरातून फुकट सामील झाले ते सुमारे 2,200. वाचायला तेच साहित्य, ऐकायला तीच व्याख्यानं, चर्चाही खुल्या. पण 25 जणांचे स्वाध्याय तपासले जात होते, त्यांना गुण मिळणार होते. बाकीच्यांनी हवं तेव्हा यावं, हवं तेव्हा जावं. यातूनच पुढे 'मूक' म्हणजे हजारोंसाठी खुले ऑनलाइन अभ्यासक्रम ही कल्पना रुजली. साहित्य सगळ्यांना सारखंच मिळतं. शिक्षण औपचारिक होतं ते तपासणाऱ्या डोळ्यांमुळे.

फीडला धड्यांचा क्रम माहीत नसतो

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब उघडल्यावर जी न संपणारी रांग समोर येते, तिला फीड म्हणतात. ती रांग लावणारा प्रोग्राम एकच गोष्ट बघत असतो: हा माणूस यापैकी कशावर थांबेल? तुम्ही आधी कशावर थांबलात, काय पुन्हा पाहिलं, काय सरकवून टाकलं, तुमच्यासारख्या इतरांनी काय केलं, यावरून तो अंदाज बांधतो. अंदाज बरोबर आला की तुम्ही आणखी थोडा वेळ राहता आणि जाहिराती दाखवायला आणखी जागा मिळते.

यात धड्यांचा क्रम कुठेच बसत नाही. आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रकाशाचे अपवर्तन' आधी आहे आणि 'भिंगे व त्यांचे उपयोग' त्याच्यानंतर. कारण उघड आहे. किरण वळतो का आणि कुठल्या बाजूला, हे आल्याशिवाय भिंगाची आकृती म्हणजे नुसत्या पाठ केलेल्या रेघा. पण फीडमध्ये भिंगाने कागद पेटवल्याची रील आधी येणार, कारण ती जास्त बघितली जाते. मुलगा म्हणतो, "मॅडम, मला बहिर्वक्र भिंग माहीत आहे." माहीत असतंच. भिंगावर पडलेला किरण आत शिरताना का वळला, हे विचारलं की गप्प होतो.

दुसरी अडचण थांबण्याची. एखादी नवी गोष्ट समजली की क्षणभर थांबून ती मनात फिरवून बघावी लागते. नेमका त्याच क्षणी पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. म्हणून मी मुलांना यूट्यूबवर 'शोधा आणि बघा' असं कधी सांगत नाही. ठरावीक व्हिडिओची लिंक देते, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत बघायचं ते सांगते, आणि व्हिडिओ संपल्यावर नव्हे तर सुरू करण्याआधीच प्रश्न देते. प्रश्न डोक्यात असला की तीन मिनिटांचा व्हिडिओसुद्धा वेगळा बघितला जातो. व्हिडिओ कोणत्या बोर्डाच्या अभ्यासक्रमाचा आणि कोणत्या सालच्या पुस्तकाचा, हेही मी आधी तपासते. चांगला शिकवणारा माणूससुद्धा वेगळ्या पुस्तकातली व्याख्या सांगत असला तर आमच्या मुलांचा परीक्षेत गोंधळ होतो.

पुन्हा वाचणं आणि न बघता आठवणं

कळणं आणि येणं यांच्यातलं अंतर मोजणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एक सूर्यावरचा होता, दुसरा समुद्रातल्या पाणमांजरांवरचा. एक उतारा मुलांनी दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवलं: 81 टक्के, तर लिहून काढलेल्या उताऱ्यातलं 75. पण एक आठवड्याने पारडं फिरलं. दोनदा वाचलेल्यातलं 42 टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिलेल्यातलं 56.

पाच मिनिटांच्या आकड्याकडे नीट बघा, कारण मुलं आणि पालक फसतात ते तिथे. पुन्हा पुन्हा बघितलं की त्या वेळी खरोखरच जास्त येतंय असं वाटतं. एकच व्हिडिओ तीनदा बघणाऱ्या मुलीला आत्मविश्वास येतो, तो खोटा नसतो, फक्त आठवडाभर टिकत नाही. आठवून लिहिणाऱ्याला मात्र त्या वेळी अडखळायला होतं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. पण ते अडखळणंच आठवण पक्की करत असतं. माझ्या मते सोशल मीडियावरच्या अभ्यासाची अख्खी युक्ती एवढीच आहे: जिथे नुसतं बघायची सोय आहे तिथे आठवायला लावायची सोय करायची.

महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलेलं आहे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि रातोरात प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. आम्ही सगळ्यांनी त्यावर पीडीएफ टाकल्या, फळ्याचे फोटो टाकले, लिंका टाकल्या. उत्तरादाखल अंगठे यायचे आणि "धन्यवाद मॅडम". मीही ते अंगठे हजेरीसारखे मोजत होते, आणि शाळा उघडल्यावर वह्या बघून मला रडू आलं होतं. मुलांचा दोष नव्हता. आम्ही पाठवत होतो, विचारत नव्हतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम सुरू केला. पहिली ते दहावीच्या मुलांनी ठरलेल्या नंबरवर मेसेज पाठवायचा, आपलं माध्यम आणि इयत्ता निवडायची, की व्हॉट्सॲपवरच एकेक प्रश्न यायचा. मुलाने पर्याय निवडायचा, शेवटी निकाल लगेच समोर. दर आठवड्याला नवा संच, आणि कच्चं राहिलेलं सुधारण्यासाठी व्हिडिओच्या लिंका. ॲप तेच, फोनही तोच. फक्त दिशा उलटली: आधी मुलाने उत्तर द्यायचं, मग व्हिडिओ. पर्यायी प्रश्नांना मर्यादा असतात, अंदाजपंचे टिचकी मारता येते, हे खरंच. तरी फॉरवर्ड केलेल्या शंभर पीडीएफपेक्षा त्या दहा प्रश्नांनी जास्त काम केलं असं माझं ठाम मत आहे.

आज ग्रामीण भागात बहुतेक मुलांकडे फोनच नाही अशी परिस्थिती राहिलेली नाही. 'असर 2024' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलामुलींपैकी 82 टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी 76 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया वापरला होता, अभ्यासाशी संबंधित कामासाठी फोन वापरला होता 57 टक्क्यांनी. मूल त्या जागी आधीच बसलेलं आहे. आपण तिथे काय घेऊन जायचं, एवढंच ठरवायचं आहे.

वाटीतलं नाणं

आता माझ्या वर्गात मी काय करते ते एका उदाहरणाने सांगते. अपवर्तन, म्हणजे किरणाचं वळणं, शिकवायच्या आधी सोमवारी ग्रुपवर एक काम जातं. खोलगट वाटीत एक रुपया ठेवा. वाटीकडे बघत मागे सरका, कडेआड नाणं दिसेनासं होईल तिथे थांबा. डोकं हलवू नका. घरातल्या कुणाला तरी वाटीत हळूच पाणी ओतायला सांगा. नाणं पुन्हा दिसू लागेल. का दिसलं? वहीत आकृती काढा, फोटो काढा आणि मला एकटीला पाठवा.

'मला एकटीला' हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. उत्तर ग्रुपवर टाकायला सांगितलं तर पहिल्या मुलीची आकृती पडते आणि उरलेल्या बहुतेक तिचीच नक्कल असतात. मुलं लबाड असतात म्हणून नव्हे. समोर तयार उत्तर दिसलं की स्वतःचं सुचेनासं होतं, मोठ्यांचंही तसंच आहे. व्हॉट्सॲपवर वेगळं पाठवलं की प्रत्येकाची चूक त्याची स्वतःची असते, आणि मला तीच हवी असते.

सगळ्या आकृत्या मी लाल शाईने तपासत बसत नाही. साठ मुलांचं तसं करायला गेले तर चौथ्या दिवशी उपक्रम बंद पडेल. भराभर बघून चुकांचे गठ्ठे करते. दरवर्षी दोन गठ्ठे मोठे निघतात. एकात किरण डोळ्यातून निघून नाण्याकडे जातो. दुसऱ्यात किरण नाण्यापासूनच निघतो, पण पाण्याबाहेर पडताना स्तंभिकेकडे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेघेकडे, झुकतो. खरं तर पाण्यातून हवेत येताना तो स्तंभिकेपासून दूर जातो, म्हणून तर कडेवरून डोळ्यापर्यंत पोहोचतो. बुधवारी या दोन चुकांच्या आकृत्या मी स्वतःच्या हाताने पुन्हा काढून ग्रुपवर टाकते. मुलाच्या वहीचा फोटो कधीच टाकत नाही, अक्षरावरून वर्गाला लगेच ओळखता येतं. प्रश्न विचारते: "या दोन्हींपैकी एकाही आकृतीत नाणं दिसणार नाही. का?" मग ग्रुप संध्याकाळी तासभर खुला. आता बोलणं सर्वांसमोर, कारण आता प्रत्येकाने आपापलं डोकं लढवून झालेलं असतं. बरोबर उत्तर मी लगेच सांगत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी ते फळ्यावर काढतं, आणि वहीत अंतिम आकृती जाते, तारीख घालून. ही वहीच पुरावा. चॅट वाहून जातं.

शुक्रवारी त्याच धड्यावर काही विचारत नाही. महिनाभरापूर्वीच्या धड्यातला एक प्रश्न टाकते, न सांगता. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःलाच निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. विसरायला लागलेलं पुन्हा ओढून वर आणलं की दर खेपेला ते जास्त टिकतं. या एका कामासाठी फोन पुस्तकापेक्षाही सरस आहे, कारण पुस्तक आपण होऊन महिन्याने प्रश्न विचारायला येत नाही.

मुदतीबद्दल एक सांगते. 'आज सहापर्यंत पाठवा' असं लिहिलं की ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या मुलांना आपण बाहेर काढतो. माझी मुदत नेहमी एक रात्र मध्ये घेऊन असते. आणि नेटपॅक संपेल असा व्हिडिओ मी पाठवायला सांगत नाही, एका फोटोत भागतं.

मदत कुठे संपते आणि नक्कल कुठे सुरू होते

2008 मध्येच टोरांटोच्या तेव्हाच्या रायरसन विद्यापीठात एक प्रकरण घडलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी रसायनशास्त्राच्या स्वाध्यायांसाठी फेसबुकवरचा एक अभ्यासगट चालवत होता. गटात 146 जण होते. विद्यापीठाने त्याच्यावर गैरप्रकाराचे 147 आरोप ठेवले, एक गट चालवल्याचा आणि बाकी प्रत्येक सदस्यामागे एक. काढून टाकण्याची टांगती तलवार होती. शेवटी त्याला काढलं नाही, त्या कामाला शून्य गुण मिळाले. मुलांचं म्हणणं होतं, आम्ही तळघरातल्या अभ्यासाच्या खोलीत बसून हेच करतो, तिथे कुणी अडवत नाही. विद्यापीठाचं म्हणणं होतं, हे काम प्रत्येकाने एकट्याने करायचं होतं आणि गटाने तर उत्तरं टाकण्याचं आवाहनच केलं होतं.

मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच दोष मी कामाच्या रचनेत बघते. एकट्याने करायचं काम गुणांसाठी घरी दिलं की मुलं एकमेकांना विचारणारच. विचारणं हा गुन्हा ठरावा, हे शिक्षकाला शोभत नाही. त्यामुळे मी कामाच्या मेसेजमध्येच लिहिते: आधी एकट्याने, मग सर्वांनी मिळून. गुण देते ते वर्गात, समोर बसवून, बदललेल्या प्रश्नावर. वाटीतल्या नाण्याऐवजी टाकीच्या तळाशी पडलेलं पान. ज्याने चर्चेत समजून घेतलं त्याला ते जमतं. ज्याने फोटो उतरवला त्याला जमत नाही, आणि त्याला पुन्हा संधी मिळते.

सर्वांसमोर बोलण्याचं बळ काय असतं ते बघायचं असेल तर मोडी लिपी शिकणाऱ्यांचे फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरचे गट बघावेत. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि प्रत्येक लेखकाचं वळण निराळं. नुसती मुळाक्षरं पाठ करून जुना कागद वाचता येत नाही. कुणीतरी घरातल्या दस्ताचा फोटो टाकतं, एक ओळ अडलीय म्हणतं. जाणकार सगळी ओळ वाचून देण्याऐवजी म्हणतो, "तिसरं अक्षर पुन्हा बघा, तसंच खाली दुसऱ्या ओळीतही आहे." नवखे महिनाभर नुसते वाचतात, मग एक अक्षर सुचवतात, मग एक शब्द. माणसं कशी शिकतात याच्या अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये लायबेरियातल्या शिंप्यांच्या उदाहरणावरून नेमकं हेच मांडलं होतं: शिकाऊ मुलगा आधी बटणं लावतो, काठ दुमडतो, मग शिवतो, कापड कापायला सगळ्यात शेवटी मिळतं. कडेला बसून, खऱ्या कामात हात घालत आत सरकणं. तेव्हा वर्गाच्या ग्रुपवर गप्प राहणाऱ्या मुलीला आळशी समजू नका. तिला काठ दुमडायचं काम द्या.

नंबर, वय आणि खासगीपण

इथे मात्र मी अजिबात सूट देत नाही. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. दहावीतल्या मुलींचे किंवा त्यांच्या आयांचे नंबर असे उघडे पडणं म्हणजे नको त्या मेसेजना दार उघडणं. सूचनांसाठी व्हॉट्सॲपमधल्याच 'कम्युनिटी' या सोयीतला सूचना-ग्रुप वापरला तर सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, फक्त ॲडमिनला दिसतात. खुल्या चर्चेचा ग्रुप पालकांना विचारूनच आणि शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांनाही ॲडमिन करून. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांची स्वतःची अट किमान 13 वर्षांची आहे, म्हणजे पाचवी-सहावीच्या मुलांचा ग्रुप हा पालकांचाच ग्रुप असला पाहिजे. 2023 मध्ये संसदेने केलेल्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे, आणि मुलांचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळणी केलेली संमती ही मुख्य अट आहे.

आणि गुण ग्रुपवर टाकू नका. मी एकदा चाचणीची यादी टाकली होती, घाईत. शेवटून दुसऱ्या नावाच्या मुलीने पुढचे दोन महिने एकही शंका विचारली नाही.

पालक मला विचारतात, मग फोन द्यायचा की नाही? मी म्हणते, फोन किती वेळ हातात होता हे विचारण्याऐवजी फोन खाली ठेवल्यावर वहीत काय उतरलं ते बघा. वही कोरी असेल तर मूल बघत होतं.

तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर पहिलं काम टाकायचं असेल तर माझा सोमवारचा मेसेज जसाच्या तसा घ्या:

"मुलांनो, खोलगट वाटी, एक रुपया, पाणी. कडेआड नाणं दिसेनासं होईपर्यंत मागे सरका, मग घरच्यांना पाणी ओतायला सांगा. नाणं का दिसलं, त्याची आकृती काढा. पुस्तक आणि यूट्यूब उघडू नका, मित्राला बुधवारपर्यंत विचारू नका. चुकली तरी चालेल, मला तुमची स्वतःची चूक हवी आहे. फोटो फक्त मला, उद्या रात्रीपर्यंत. घरी फोन नसेल तर वही वर्गात दाखवा. पाणी कुणी ओतलं त्यांचं नावही लिहा."

शेवटची ओळ मी मागाहून घातली. आता आकृतीखाली आजीचं नाव येतं, धाकट्या भावाचं येतं, आणि रात्री उशिरा आलेल्या फोटोंवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: पप्पा.